इंजेक्शनची गाडी कानाने नव्हे, मोजमापाने लावा!

कार्ब्युरेटरच्या जमान्यात मोटारसायकल ‘लावणे’ हे कानाचे काम होते. इंजिनाचा आवाज ऐकत मेकॅनिक स्क्रू पाव आटा फिरवी आणि गाडी ताळ्यावर येई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनमध्ये फिरवण्याजोगा स्क्रूच उरलेला नाही. आहे तो आकड्यांचा तक्ता.

या तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात. इंजिनाचा वेग आणि थ्रॉटलचे उघडणे यांच्या प्रत्येक जोडीसाठी इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे त्यात नोंदलेले असते. हवेचा दाब, इंजिनाचे तापमान अशी माहिती सेन्सर पुरवतात आणि त्यानुसार ईसीयू हा संगणक त्या वेळेत दुरुस्ती करतो. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यास हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते.

धोका कुठे?

संथ, एकसारख्या वेगात सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणातील चूक ईसीयूला कळवतो व ती सुधारली जाते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र ईसीयू सहसा या सेन्सरकडे दुर्लक्ष करून मॅपवर विसंबतो. त्यामुळे मोकळा सायलेन्सर किंवा वेगळा एअर फिल्टर बसवला, की नेमक्या याच ठिकाणी पेट्रोल कमी पडू शकते. अशा ‘लीन’ मिश्रणाने उष्णता वाढून व्हॉल्व्ह व पिस्टन यांना इजा पोहोचू शकते. कानाला ते कळेलच असे नाही. उलट पेट्रोल जास्त झाले, तर ते सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होऊ शकतो.

घरी काय करावे?

गाडी अडखळत असेल तर दोष मॅपचाच असेल, असे मानू नये. आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरीचा चार्ज आणि इनटेकच्या रबरी जोडणीतील गळती तपासावी. मीटरवरील इंजिनाचा दिवा पेटत असल्यास त्याचे कारण शोधावे.

त्यानंतरही मॅप बदलायचा असेल, तर ‘वाइडबँड’ ऑक्सिजन सेन्सरला पर्याय नाही. गाडीतील मूळ सेन्सर बहुधा मिश्रण आदर्श प्रमाणापेक्षा घट्ट की पातळ, एवढेच सांगतो. किती, ते सांगत नाही. वाइडबँडचे वाचन ‘लॅम्डा’मध्ये घ्यावे. इंधन कोणतेही असो, आदर्श मिश्रणाचा लॅम्डा १ असतो. मूळ मॅप जपून ठेवावा, एका वेळी दोन-तीन टक्क्यांचाच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. रस्त्यावर गाडी चालवताना आकड्यांकडे पाहू नये. नोंदी साठवून नंतर तपासाव्यात. पूर्ण थ्रॉटलची चाचणी डायनोवरच घ्यावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर जिवावरचे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मॅप बदलल्याने वॉरंटी आणि पीयूसी, दोन्ही अडचणीत येऊ शकतात, हेही ध्यानात असावे. मूळ सायलेन्सर व फिल्टर कायम असलेल्या गाडीला बहुधा नव्या मॅपची नव्हे, स्वच्छ फिल्टरची गरज असते.