श्रावणमासची दक्षिणा आणि विद्वत्परीक्षा

गुणी विद्यार्थ्यास राजाश्रय कोणत्या मार्गाने मिळे, याचा विचार करू जाता पेशवाईतील श्रावणमासच्या दक्षिणेकडे प्रथम दृष्टी जाते. हा परिपाठ सेनापती खंडेराव दाभाडे यांनी घातला. १७३१ मध्ये डभईच्या रणात त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर तो पेशव्यांनी पुण्यास चालविला.

रमण्यात सामान्य भिक्षुकास अल्प दक्षिणा मिळे; शास्त्र्यांची मात्र परीक्षा होऊन योग्यतेनुरूप रक्कम ठरे. सबब हे वाटप केवळ दानधर्म नव्हे. दूरच्या गावी व्याकरण वा न्याय घोकणाऱ्या तरुणास आपली विद्या जोखून घेण्याचे ते स्थान होते. रामशास्त्री प्रभुणे यांनी आपल्या बंधूस, विद्येचा अधिकार नाही म्हणून, इतरांहून अधिक दक्षिणा देऊ दिली नाही, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी नसली तरी या कसोटीची लोकमानसातील प्रतिष्ठा दाखविते.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत दक्षिणेच्या द्रव्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे याच निधीतून मराठी ग्रंथांस पारितोषिके व पदवीधरांस दक्षिणा फेलोशिपा मिळू लागल्या. रा. गो. भांडारकर हे अशा फेलोंपैकीच होत.

तथापि न्यूनही सांगितले पाहिजे. पेशवाईतील ही परीक्षा ब्राह्मणांपुरतीच होती. इतर जातींतील व स्त्रियांमधील प्रज्ञेस तिचे द्वार बंद होते. म्हणून पोथीच्या वेष्टनात दक्षिणेची एखादी यादी आढळल्यास संग्राहकांनी ती फुटकळ म्हणून टाकू नये. आणि वाचताना, तीत जी नावे येऊच शकली नाहीत, त्यांचेही स्मरण ठेवावे.