खुर्ची का किंचाळते आणि फरशी का काळवंडते

'खुर्च्या ओढू नका, उचलून ठेवा' अशी सूचना अनेक वर्गांत भिंतीवर लिहिलेली असते आणि ती सहसा पाळली जात नाही. यावर ठरलेलं निदान असतं की मुलांना शिस्त नाही. पण बसलेला माणूस उठतो कसा, ते नीट पाहा. गुडघ्यांच्या मागची बाजू खुर्चीला मागे ढकलते, तेव्हा अंगाचा थोडा भार अजून बैठकीवरच असतो. ज्या खुर्चीवर आपणच भार टाकलाय ती आपल्याला उचलता कशी येणार? ती सरकतेच. मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीतही हाच आवाज येतो, आणि तिथे शिस्तीचा प्रश्न कुणी काढत नाही.

आवाज मोठा म्हणजे खुर्ची जड, हा दुसरा समज. वजनाचा हात असतो, पण किंचाळी येते ती वेगळ्या कारणाने. थांबलेला पाय फरशीला घट्ट धरून असतो. तो सुटायला जास्त जोर लागतो, सुटल्यावर सरकायला कमी पुरतो. त्यामुळे पाय अडकतो, किंचित वाकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा झालं की पोकळ पाइप आणि वरची पातळ बैठक थरथरू लागते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. फरक एवढाच की तिथे वाजवणारा शिकलेला असतो. म्हणजे उपाय करायचा तो पायाच्या टोकाला, जिथे अडकणं-सुटणं चालतं तिथे.

इथेच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज येतो: रबर मऊ, म्हणून रबर शांत. रबराचा गुण पकडून ठेवण्याचा आहे. शिडीच्या पायाला किंवा आजोबांच्या काठीला रबर हवंच, कारण तिथे सरकलं की माणूस पडतो. वर्गातली खुर्ची मात्र दिवसभर सरकण्यासाठीच असते. तिला रबरी बूट घातले की ती गचके देत सरकते, कधी गुरगुरते, कधी किंचाळते, आणि मागे काळी रेघ सोडते. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे पायांना बांधण्याचा जुगाड याच कारणाने फसतो. ट्यूब काळी असते ती रबरात मिसळलेल्या काजळीसारख्या कार्बनमुळे, आणि तोच कार्बन रबरासोबत घासून फरशीवर उतरतो. वारंवार सरकणाऱ्या पायाला नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारख्या कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा बुश बरा. तो हाताला टणक लागतो, म्हणून दुकानात लोक तो बाजूला ठेवून रबर उचलतात.

अमेरिकेतल्या शाळांत टेनिसचे चेंडू कापून पायांत अडकवण्याची मोठी प्रथा आहे, आणि आवाज त्याने खरोखर कमी होतो. आपल्याकडे बरा चेंडू आधी क्रिकेटला लागतो, हा भाग वेगळा. पण चेंडूच्या वरचं कापड लोकर आणि नायलॉनचं असतं. ते धूळ गोळा करतं, झिजून तंतू सोडतं, आणि आतल्या नैसर्गिक रबराची ॲलर्जी असलेल्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. तात्पुरता इलाज म्हणून ठीक, वर्षभरासाठी नाही.

मग फेल्टच्या चकत्या? गुळगुळीत आणि स्वच्छ फरशीवर त्यांच्याइतकं शांत काही नाही. अट 'स्वच्छ' या शब्दात आहे. मैदानातून थेट वर्गात येणाऱ्या मुलांच्या बुटांतून वाळू येते, ती फेल्टमध्ये रुतते, आणि काही आठवड्यांत चकतीचा सँडपेपर होतो. त्यात आपल्याकडे लादी ओल्या फडक्याने पुसतात. भिजलेली चकती गोंदावरून सरकून बाजूला लोंबते. फेल्ट लावायचंच तर खिळ्याचं किंवा टोपीत बसवलेलं घ्यावं आणि चकत्या बदलण्याची तयारी ठेवावी. वाळूचा बंदोबस्त दाराशी, जाड पायपुसण्याने करावा. खडूच्या भुकटीला मात्र उगाच दोष दिला जातो. खडू फरशीपेक्षा मऊ असतो किंवा फार तर तिच्याइतकाच कठीण. ओरखडे पाडते ती वाळूतली गारगोटी.

फरशीवरच्या खुणांबद्दलचा घोळ तर याहून मोठा आहे, कारण दिसायला सारख्या असलेल्या तीन वेगळ्या गोष्टींना आपण 'डाग' म्हणतो. काळी रेघ म्हणजे फरशीवर बसलेलं रबर. तिथे फरशीला काहीच झालेलं नसतं. साधं खोडरबर घासलं तरी ती निघते, आणि वर्गात खोडरबरांना तोटा नाही. टाइलवरची करडी, चकचकीत रेघ ओरखडा वाटते, पण बहुतेकदा असते उलटं. व्हिट्रिफाइड टाइलचा पृष्ठभाग खुर्चीच्या साध्या लोखंडापेक्षा कठीण असतो, त्यामुळे झिजतं ते लोखंड आणि त्याचा थर टाइलवर चढतो. तोही सौम्य घासणीने उतरतो. तिसरी खूण खरी जखम असते. ती शाहाबादी, कोटा किंवा कडप्प्यावर दिसते. हे चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांतलं कॅल्साइट काठिण्याच्या मोह्स श्रेणीत ३ वर, लोखंड त्याच्या वर, आणि गारगोटी ७ वर. इथे पाइपची उघडी कड पांढरी चर पाडते, आणि ती फक्त पॉलिशच्या मशीनने जाते.

हा फरक न कळल्यामुळे होणारं मोठं नुकसान म्हणजे ॲसिड. संडासातलं ॲसिड टाइलवर चाललं, म्हणून तेच शाहाबादीवर ओतलं जातं. फसफसताना दिसतं तो मळ नव्हे. दगडच विरघळत असतो. पुढच्या वेळी त्या खडबडीत जागी मळ आणखी घट्ट बसतो आणि खुर्चीही जास्त ओरडते. शाहाबादीला साधं पाणी आणि सौम्य साबण, बस्स.

पायाखालचा भाग रुंद केला की घर्षण वाढेल, असंही काही जण म्हणतात. कडक वस्तूंच्या बाबतीत घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर जवळजवळ अवलंबून नसतं. गियोम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने हे १६९९ मध्येच मांडलं होतं. क्षेत्रफळाने बदलतो तो दाब. २५ मिलिमीटर व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या पाइपची नुसती कड टेकली तर भार ९० चौरस मिलिमीटरवर पडतो; त्याच मापाचा सपाट बुश बसवला तर सुमारे ४९० वर. म्हणजे दाब पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि मूल मागच्या दोन पायांवर झुलत असेल तर तिथला भार दुप्पट होतो, त्यामुळे मागचे बुश आधी जातात.

बुश बसवले तरी काही फरक पडला नाही, अशी तक्रार शाळा करतात तेव्हा बहुधा अर्ध्याच खुर्च्यांना बसवलेले असतात. डेसिबलचा हिशेब इथे आपल्या अंदाजाला चकवतो. सारख्या आवाजाच्या ४० खुर्च्या एकदम ओढल्या तर एका खुर्चीपेक्षा १६ डेसिबलने जास्त आवाज होतो. त्यातल्या २० गप्प केल्या तर कमी होतात अवघे ३ डेसिबल, जे कानाला जेमतेम कळतात. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ४० पैकी ३६ खुर्च्या शांत व्हाव्या लागतात. तेव्हा सगळ्या वर्गांत थोडे थोडे बुश वाटण्यापेक्षा एक वर्ग पूर्ण करावा. बजेट तुटपुंजं असेल तर हे जास्तच खरं.

काही ठिकाणी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात. भिंतीवरचं आवरण खोलीतला घुमणारा आवाज कमी करू शकतं, हे तत्त्व खरं आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस सबाइन यांच्याकडे फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहाचं काम आलं. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या रात्री तिथे नेऊन, मोजमाप करून त्यांनी घुमणं आणि आवाज शोषणारं साहित्य यांचं गणित बांधलं. पण गाद्या ती गाद्या. कागदी लगद्याचा पातळ ट्रे फारसं शोषत नाही, आवाज अडवत तर मुळीच नाही, आणि पेटतो मात्र झटकन. शिवाय खुर्चीचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्या वर्गात उतरतो. वरच्या भिंतीला काहीही लावा, खालच्यांना त्याचा उपयोग नाही.

थोडा आवाज होणारच, मुलांना सवय होते, असंही म्हटलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तास चालू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा. आवाज वाढला की बोलणाऱ्याचा स्वर नकळत चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं. शिक्षकांचे घसे त्याने बसतात. मोठ्यांना गोंगाटात सुटलेला शब्द संदर्भाने भरून काढता येतो. लहान मुलांचा शब्दसाठाच अपुरा असल्याने त्यांचा तो शब्द जातो तो जातोच.

राहिली खरेदी. 'हल्लीचे बुश टिकतच नाहीत' हे वाक्य निम्म्या वेळा मापाच्या चुकीमुळे ऐकू येतं. बाहेरून दोन्ही पाइप एक इंची दिसतात, पण १६ गेजची जाडी साधारण १.६ मिलिमीटर आणि १८ गेजची १.२, आतल्या व्यासात ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. पाइपच्या आत बसणारा बुश त्या फरकाने एकतर शिरत नाही, नाहीतर आठवड्यात गळतो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात माप तोंडी न सांगता जुना बुश घेऊन जावं, आणि पाय तिरके फाकलेले असतील तर तिरका किंवा हलत्या टोकाचा बुश मागावा. सपाट बुश तिथे एका कडेवरच झिजतो. गळालेल्या बुशाच्या जागी पाइपची धारदार कड उघडी राहते, तेव्हा ती खुर्ची त्याच दिवशी बाजूला काढावी. मूठभर जादा बुश कपाटात असावेत. बोर्डाच्या परीक्षेची बैठकव्यवस्था लागते किंवा शाळेत मतदान केंद्र बसतं, तेव्हा इमारतीतलं सगळं फर्निचर एका दिवसात ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी परत ओढलं जातं. त्यानंतरचा शनिवार बुश तपासायला योग्य.