पाच माणसं, तीन मुक्काम

कोस्टा रिकाचा नकाशा नवख्या प्रवाशाला भुलवतो. देश अवघा ५१,१०० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मधून ज्वालामुखींची रांग आणि तिच्या दोन्ही उतारांवर जंगल. कागदावर सगळंच जवळ दिसतं. म्हणून पहिल्या यादीत हमखास सहा-सात नावं पडतात: आरेनालचा ज्वालामुखी, मोंतेवेर्देचं ढगांतलं जंगल, मानुएल अंतोनियोचा किनारा, तोर्तुगेरोची कासवं, कोर्कोवादोचं अरण्य, पोआसचं विवर. मग खर्चाचं पान उघडलं की आकडे फुगायला लागतात.

हे आकडे नेमके कुठे फुगतात, ते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका मराठी घरातली सहलीची वही पाहिली की कळतं. जाणारी माणसं पाच: नवरा-बायको, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आलेले सांगलीचे आजी-आजोबा. ह्यूस्टनहून सान होजेला थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचवतं. त्यामुळे विमानाचं तिकीट हा या वहीतला सोपा भाग. वही सुनेकडे आहे आणि तिनं पहिल्याच पानावर किलोमीटर खोडून तास लिहिलेत.

सान होजे ते मोंतेवेर्दे साधारण १४० किलोमीटर, पण गाडीला साडेतीन तास लागतात. घाटरस्ते, पुढे मालवाहू ट्रक, मध्येच एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल. त्यात देश विषुववृत्ताजवळचा, त्यामुळे बारा महिने संध्याकाळी सहाच्या आतबाहेर अंधार पडतो. धुकं आणि पाऊस असताना अनोळखी घाटात रात्री गाडी चालवू नये, असं तिथली माणसंच सांगतात. म्हणजे मुक्काम बदलला की दिवस संपला. त्या दिवसाचं हॉटेल, गाडी आणि जेवण यांचे पैसे मात्र पुरे द्यायचे. सहा ठिकाणांची यादी तीनवर आली ती या हिशेबानं: तोर्तुगेरो, आरेनालच्या पायथ्याचं ला फोर्तुना आणि मानुएल अंतोनियो.

हंगामाचा प्रश्न शाळेच्या सुट्टीनं सोडवला. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा मोसम. नाताळ आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा हे सगळ्यांत महाग दिवस. तेव्हा परदेशी पाहुण्यांबरोबर देशातली माणसंही किनाऱ्यावर उतरतात. मे ते नोव्हेंबर पावसाळा, आणि तेव्हा खोल्यांचे भाव बरेच उतरतात. जुलैत प्रशांत महासागराच्या बाजूला सकाळ बहुधा उघडी असते, दुपारनंतर आभाळ फुटतं. कॅरिबियन बाजूचं तंत्र वेगळं: तिथं सप्टेंबर-ऑक्टोबर तुलनेनं कोरडे, आणि जुलैत पाऊस भरपूर. पण हिरवी समुद्री कासवं तोर्तुगेरोला अंडी घालायला येतात ती जुलै ते ऑक्टोबरमध्येच. नातीला कासवं पाहायची होती. जुलैचा शेवटचा आठवडा ठरला आणि पाच रेनकोट वहीत चढले.

कागदपत्रांचं पान अमेरिकेतल्या मराठी घरांनी विशेष लक्ष देऊन भरावं असं आहे. भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाला जायला व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा वैध पर्यटक व्हिसा पासपोर्टवर असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आजी-आजोबांचं काम त्यावर झालं. नवरा-बायकोकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे त्यांचंही अडत नाही. खरी अडचण एच-१बी या नोकरीच्या अमेरिकी व्हिसावर असलेल्या आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेल्या मंडळींची होते. मेक्सिको किंवा कॅनडात थोडे दिवस जाऊन जुन्या शिक्क्यावर परतण्याची जी सवलत आहे, ती कोस्टा रिकाला लागू नाही. तिथून परतायचं तर आधी नवा शिक्का हवा. खोली आरक्षित करण्याआधी पासपोर्टचं ते पान उघडून बघावं. दूतावासाचे नियम बदलतात, तेही त्या आठवड्यात पुन्हा वाचावेत. परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवावं लागतं. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांकडे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात.

आता गाडी. या देशाच्या सहलीत सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे.

संकेतस्थळावर भाड्याची गाडी दिवसाला २० डॉलरला दिसते. सात दिवसांचे १४०. माणूस खूश होतो, पैसे भरतो आणि विमानतळावरच्या खिडकीशी जातो. तिथं कळतं, की समोरच्या माणसाच्या किंवा गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे आणि तो त्या १४० मध्ये धरलेलाच नाही. दिवसाला आणखी १५ ते २० डॉलर. भाडं तिथल्या तिथे जवळपास दुप्पट होतं. स्वतः घेतलेल्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा आणखी वेगळा. तो काही क्रेडिट कार्डांतून मिळतो. पण बँकेचं तसं पत्र छापून जवळ ठेवावं लागतं, आणि कार्डावर अनामत रक्कम मोठी अडकते. सक्तीचा विमा मात्र कुठल्याही कार्डानं सुटत नाही. म्हणून सुनेनं वहीत जाहिरातीतली किंमत लिहिलीच नाही. कंपन्यांना ईमेल पाठवून ‘सगळे विमे आणि कर धरून एकूण किती’ एवढंच विचारलं आणि आलेल्या उत्तरांची तुलना केली. जाहिरातीत सर्वांत स्वस्त दिसणारी कंपनी त्या यादीत तळाला गेली.

गाडी घ्यायची कधी, हाही पैशाचाच प्रश्न. तोर्तुगेरोला रस्ता नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत गाडीनं किंवा बसनं, पुढे तासभर नदीतून होडीनं जायचं. विमानतळावरच गाडी घेतली तर ती धक्क्यावरच्या वाहनतळात नुसती उभी राहणार आणि भाडं, विमा, वाहनतळाचे पैसे चालू राहणार. या कुटुंबानं तोर्तुगेरोची जा-ये हॉटेलच्या व्हॅन-होडीवर सोपवली आणि परत आल्यावर गाडी घ्यायची ठरवली. सामायिक शटलचा पर्याय एकट्यादुकट्याला बरा, पण माणशी ५० ते ६० डॉलर म्हणजे पाच जणांना एका टप्प्याचे २५० ते ३००. सार्वजनिक बस याच्या कित्येक पटींनी स्वस्त आहे. फक्त सान होजेत सगळ्या बस एका स्थानकावरून सुटत नाहीत; सामान घेऊन शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायची तयारी हवी. आजोबांच्या गुडघ्यांनी तो पर्याय बाद केला.

जेवणाचा खर्च आवाक्यात ठेवायचा तर ‘सोदा’ शोधावी. सोदा म्हणजे घरगुती खानावळ: चार-सहा टेबलं, मागे एक-दोन बायका रांधतात. दुपारी ‘कासादो’ मागवायचा. एका ताटात भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोबीची कोशिंबीर, पिकल्या केळ्याचे तळलेले काप आणि सोबत मासा, चिकन किंवा अंडं. सकाळी ‘गाल्यो पिंतो’, म्हणजे आदल्या दिवशीचा भात आणि घेवडा एकत्र परतलेला. आजींच्या चेहऱ्यावरची काळजी हे ऐकून निम्मी झाली.

“अगं, पण त्या उसळीत चरबी-बिरबी नसेल ना?”

“कधी कधी असते, आई. विचारूनच घ्यायचं.”

विचारायचं काम नातीकडे आलं, कारण तिला शाळेत स्पॅनिश आहे. “सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका” अशी तिची पाठांतराची ओळ वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहिलेली आहे: मांस नको, कोंबडी नको, मासा नको, चरबी नको.

भाव जुन्या माहितीवरून धरले तर फसगत होते. २०२२ च्या मध्यावर एका डॉलरला ७०० च्या आसपास कोलोन मिळत. पुढच्या दोनेक वर्षांत तो आकडा ५०० च्या जवळ आला. ३,५०० कोलोनचं ताट तेव्हा पाच डॉलरला पडे, आता सातला. ताटाची किंमत तीच राहिली तरी पाहुण्याचा खर्च वाढला. पर्यटकी उपाहारगृहात तर १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क बिलात येतं. मेनूवरचा आकडा हे धरून आहे की सोडून, ते बसण्याआधी पाहावं. सोडून असेल तर ६० डॉलरचं जेवण ७३ डॉलर ८० सेंटला जातं. नळाचं पाणी देशात बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं आहे. पाच भरायच्या बाटल्यांनी रोजचे बाटलीबंद पाण्याचे पैसे वाचवले.

ला फोर्तुनाला काटछाट सोपी होती. आरेनाल १९६८ च्या २९ जुलैला अचानक फुटला, पायथ्याची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि त्यानंतर २०१० पर्यंत तो धुमसत राहिला. आता रात्री लाव्हा दिसत नाही. जुलैत शिखर बहुतेक वेळ ढगात असतं. तरीही ‘ज्वालामुखी दिसणारी खोली’ जास्त दरानं विकली जाते. सुनेनं ती न घेता स्वयंपाकघर असलेलं साधं घर घेतलं. गरम पाण्याच्या कुंडांचं ऐकून आजींनी लगेच विचारलं, “वज्रेश्वरीसारखी का?” पाणी तसंच, भूगर्भानं तापवलेलं. महागड्या रिसॉर्टांत त्यासाठी बरेच डॉलर मोजावे लागतात. रस्त्याकडेला ऊन पाण्याची नदी मात्र फुकट वाहते.

एका पानावर मात्र काहीच खोडलेलं नाही. ते राष्ट्रीय उद्यानांचं आणि वाटाड्यांचं.

परदेशी प्रौढाला आरेनाल आणि तोर्तुगेरोचं तिकीट करासह १६.९५ डॉलर, मानुएल अंतोनियोचं १८.०८. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ५.६५. चार प्रौढ आणि एक मूल धरून तिन्ही उद्यानांची बेरीज २२५ डॉलरच्या आत. म्हणजे ज्यासाठी माणूस या देशात जातो, त्याचा तिन्ही ठिकाणचा प्रवेश शटलच्या एका टप्प्यापेक्षा स्वस्त. आणि हे पैसे कशाला लागतात ते जंगलाकडे पाहून कळतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथं गुरांच्या कुरणांसाठी झाडं इतकी तोडली गेली, की १९८० च्या दशकात देशाचा जेमतेम चौथा हिस्सा जंगलाखाली उरला होता. १९९६ च्या वनकायद्यानं जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी घातली, आणि झाडं राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरच्या करातून मोबदला सुरू केला. आज निम्म्याहून अधिक भूमी पुन्हा वनाच्छादित आहे. अवघ्या दोन पिढ्यांत वळलेली ही गोष्ट आहे आणि ती टिकवायला रोजचा पैसा लागतो. तिथं काटकसर करण्यात अर्थ नाही.

तोर्तुगेरोत वाटाड्याचं मोल डोळ्यांनी दिसतं. एकेकाळी या गावात कासवाचं मांस आणि अंडी हीच कमाई होती. १९५० च्या दशकात आर्ची कार हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ इथं अभ्यासाला आले. १९५९ मध्ये कासवांच्या संरक्षणासाठी संस्था उभी राहिली, सत्तरच्या दशकात राष्ट्रीय उद्यान झालं. हळूहळू गावातली माणसं वाटाडे झाली. हंगामात रात्री किनाऱ्यावर परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. माणसांच्या लहान तुकड्या, अंगात गडद कपडे, कॅमेरा आणि मोबाइल बंद. टेहळणी करणारे आधी कासव हेरतात आणि वाटाड्याला कळवतात, म्हणजे वाळूत उगाच फिरणं नाही. मादी शंभर किलोंहून जड. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणते तोवर सगळे झाडांच्या आडोशाला थांबतात. अंडी घालायला लागली की ती सहसा विचलित होत नाही. तेव्हा कुठे तुकडीला मागच्या बाजूनं जवळ नेतात आणि लाल दिव्याच्या मंद झोतात शंभराच्या आसपास पांढरी अंडी एकामागून एक पडताना दिसतात. मग ती वाळू लोटून खड्डा बुजवते. कोणी पुढे गेलं, दिवा लावला, तर ती अंडी न घालताच समुद्रात परतू शकते. वाटाड्याला दिलेले पैसे या शिस्तीचे असतात.

मानुएल अंतोनियोसाठी वहीत चार सूचना आहेत. तिकीट फक्त ऑनलाइन, प्रत्येकाच्या पासपोर्ट क्रमांकासह आणि वेळ ठरवून. मंगळवारी उद्यान बंद. खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे चिवड्याचा डबा खोलीवर. आणि वाटेत गणवेशासारखे कपडे घालून गाड्या थांबवणाऱ्यांचं ऐकून भलत्याच ठिकाणी गाडी लावायची नाही. मोंतेवेर्दे गाळून जे पैसे उरले, त्यातून इथं स्वतंत्र वाटाड्या ठरवला. तो दुर्बीण तिकाटण्यावर लावतो आणि पानांतला पिंगट गोळा म्हणजे स्लॉथ आहे हे दाखवतो. शिवाय आजोबांच्या चालीनं चालतो.

शेवटचं पान ‘अडीअडचण’ या नावाचं, एकूण रकमेचा दहावा हिस्सा. कॅरिबियनकडे जाणारा ३२ क्रमांकाचा महामार्ग जोराच्या पावसात दरडी कोसळून वरचेवर बंद होतो आणि वळसा घालून जायला कित्येक तास जादा लागतात. पोआस २०१७ च्या स्फोटांनंतर वर्षभराहून अधिक काळ बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा बंद करावा लागला. त्या महामार्गाचा भरवसा नाही म्हणून तोर्तुगेरो सहलीच्या सुरुवातीला घेतलं आहे, परतीच्या विमानाला खेटून नाही. शेवटची रात्र विमानतळाशेजारच्या आलाहुएलात आहे. त्या खोलीचा पत्ता ‘चर्चपासून २०० मीटर उत्तरेला’ असाच मिळाला. तिथं पत्ते असेच देतात. सुनेनं तो जसाच्या तसा उतरवून घेतला आणि घरमालकाचा फोन नंबर शेजारी लिहून ठेवला.