स्वतंत्र मोबाईल अॅपनिर्माते आणि नक्कलप्रतिबंध : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुलै २००८ मध्ये अॅपलचे अॅप स्टोअर आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गुगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. वितरक, दुकानदार व छापील खोकी यांच्या मध्यस्थीवाचून एकट्यादुकट्या प्रोग्रामरला थेट ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु ज्या वेगाने मूळ प्रत ग्राहकापर्यंत पोहोचू लागली, त्याच वेगाने तिची चोरटी नक्कलही पोहोचू लागली. अशा वेळी निर्मात्याने आपल्या अॅपला कुलूप लावावे काय, आणि लावल्यास ते किती भक्कम असावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कुलपाची कल्पना नवी नाही. वार्षिक अंकाच्या निमित्ताने डीटीपी केंद्रात खेटे घातलेल्या प्राध्यापकांना संगणकाच्या मागे खोचलेला डोंगल परिचित असेल. तो काढला की मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर बंद पडे. मोबाईलमध्ये असा डोंगल जोडण्याची सोय व्यवहारात नाही, म्हणून पडताळणीचे काम अॅपमधील आज्ञावलीलाच करावे लागते. मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र विभाग असू शकतो. एकट्या निर्मात्याच्या बाबतीत मात्र संरक्षणासाठी दिलेला प्रत्येक तास हा दोषदुरुस्तीच्या किंवा नव्या सुविधेच्या वाट्याचा तास असतो. त्यामुळे हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे.

संरक्षणाचे तंत्र व त्याची मर्यादा

अँड्रॉइडवरील आरंभीचे संरक्षण अगदी जुजबी होते. विकत घेतलेले अॅप फोनमधील एका खासगी कप्प्यात ठेवले जाई. फोनवर ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार मिळविलेल्या व्यक्तीला तो कप्पा उघडणे अवघड नव्हते. जुलै २०१० मध्ये गुगलने परवाना पडताळणीची सेवा जाहीर केली. या सेवेत अॅप गुगलच्या सर्व्हरला विचारते, ‘या खात्याने हे अॅप विकत घेतले आहे काय?’ सर्व्हरचे उत्तर डिजिटल स्वाक्षरीसह येते आणि त्यानुसार अॅप चालू राहते किंवा थांबते. ही रचना सकृद्दर्शनी निर्दोष वाटते. तथापि पुढच्याच महिन्यात ती भेदल्याचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध झाले.

हे भेदन कसे होते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण प्रश्नाचे मर्म त्यात आहे. सर्व्हरचे उत्तर कितीही विश्वासार्ह असले, तरी ते वाचून ‘पुढे जा’ किंवा ‘थांब’ असा निर्णय घेणारी आज्ञा ग्राहकाच्या फोनमधील अॅपमध्येच असते. अॅपची फाइल उलगडावी, ती एक अट उलटी करावी आणि फाइल पुन्हा बांधून स्वतःच्या स्वाक्षरीने वितरित करावी, एवढे केले की काम भागते. गुगलने दिलेली आज्ञावली निर्मात्यांनी जशीच्या तशी वापरली, तर ती अट प्रत्येक अॅपमध्ये ठरावीक ठिकाणी सापडते. म्हणूनच त्या आज्ञावलीत आपापले बदल करावेत, ती दुर्बोध करावी, अशी सूचना गुगलकडूनच देण्यात आली. दुर्बोधीकरणाने भेदन लांबणीवर पडते, अशक्य होत नाही. आयफोनवरही तत्त्व वेगळे नाही. अॅप स्टोअरमधील अॅप सांकेतिक स्वरूपात येते, पण चालताना ते स्मृतीत उलगडावेच लागते, आणि ‘जेलब्रेक’ केलेल्या फोनवर तेथून ते उचलता येते. घराची किल्ली आणि घर ही दोन्ही पाहुण्याच्या हाती देऊन, त्याने अमुक खोलीत जाऊ नये अशी अपेक्षा करण्यासारखे हे आहे.

कुलूप अधिक भक्कम करू गेल्यास त्रास कोणाला होतो, याचे उदाहरण २०१२ मध्ये मिळाले. अँड्रॉइड ४.१ पासून विकतची अॅप प्रत्येक फोनच्या स्वतंत्र किल्लीने सांकेतिक करण्यास प्रारंभ झाला. परिणामी काही अॅपमधील खात्यांची माहिती फोन बंद करून सुरू केल्यावर नाहीशी होऊ लागली आणि ती योजना थांबवावी लागली. हा मनस्ताप पैसे मोजलेल्या ग्राहकांच्याच वाट्याला आला. प्रत्येक वेळी इंटरनेटवरून पडताळणी मागणाऱ्या कडक धोरणाचेही तसेच आहे. घाटात, एसटीच्या प्रवासात किंवा नेटवर्क नसलेल्या गावी अडतो तो प्रामाणिक ग्राहक, कारण चोरट्या प्रतीतून ती अट आधीच काढलेली असते.

आकडे आणि त्यांचा अर्थ

पायरसीचे प्रमाण मोठे आहे, याबद्दल वाद नाही. जुलै २०१२ मध्ये मॅडफिंगर गेम्स या चेक कंपनीने ‘डेड ट्रिगर’ हा सुमारे एक डॉलर किमतीचा खेळ अँड्रॉइडवर विनामूल्य केला व त्याचे कारण पायरसी असल्याचे सांगितले. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या गाजलेल्या खेळाच्या निर्मात्यांनी जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केले की अँड्रॉइडवरील केवळ ५ टक्के, तर आयफोन-आयपॅडवरील ४० टक्के स्थापना विकत घेतलेल्या होत्या. उरलेल्या सर्वच प्रती चोरीच्या नव्हेत, कारण एकाच खरेदीवर एकापेक्षा अधिक उपकरणांत अॅप घेता येते, हा खुलासाही त्यांनीच केला. वृत्तांमध्ये गाजला तो मात्र पहिला आकडा.

परंतु ९५ टक्के प्रती न विकलेल्या आहेत, याचा अर्थ ९५ टक्के उत्पन्न बुडाले असा होत नाही. या संदर्भात रिफ्लेक्झिव्ह या छोट्या खेळनिर्मात्या कंपनीचा २००८ मधील अनुभव उद्बोधक आहे. तिच्या ‘रिकोशे इन्फिनिटी’ या संगणकीय खेळाच्या ९२ टक्के प्रती चोरट्या होत्या. कंपनीने एकामागून एक पळवाटा बुजविल्या आणि विक्रीवरील परिणाम मोजला. दर हजार चोरट्या प्रती रोखल्या असता साधारण एक विक्री वाढते, असा तिचा निष्कर्ष होता. हा आकडा एका खेळापुरता आणि संगणकापुरता आहे. तो मोबाईलला जसाच्या तसा लावणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही फुकट घेणारा बहुधा विकत घेणारा नसतोच, हे त्यातून दिसते. भारतापुरते बोलायचे तर किंमत हाही घटक दुर्लक्षिता येत नाही. २०१५ मध्ये गुगलने भारतातील विकतच्या अॅपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, ती उगाच नव्हे.

संरक्षणाचे खरे समर्थन दुसरीकडे आहे. एक म्हणजे, ज्या अॅपला निर्मात्याचा सर्व्हर सेवा पुरवितो, तेथे प्रत्येक चोरटी प्रत प्रत्यक्ष खर्च वाढविते. हे नुकसान काल्पनिक नसते. मात्र तेथेच संरक्षणही सर्वांत सोपे असते, कारण निर्णय ग्राहकाच्या फोनमध्ये न ठेवता सर्व्हरवर ठेवता येतो. गुगलची आजची प्ले इंटेग्रिटी ही सेवाही याच रीतीने वापरणे हिताचे आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील झोऊ आणि जियांग यांनी २०१२ मध्ये अँड्रॉइडवरील १२६० घातक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १०८३, म्हणजे ८६ टक्के नमुने मूळच्या चांगल्या अॅपमध्ये घातक आज्ञावली घुसवून पुन्हा बांधलेले होते. अशी प्रत घेणाऱ्याचा फोन बिघडतो आणि बदनामी होते ती निर्मात्याच्या नावाची. म्हणून मूळ स्वाक्षरीची पडताळणी व बेताचे दुर्बोधीकरण एवढे दोन-तीन दिवसांचे काम प्रत्येक स्वतंत्र निर्मात्याने करावेच. त्यापुढील शर्यतीत मात्र त्याने उतरू नये.

कायद्याचा आधार

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते, ही बाब साहित्याच्या अध्यापकांना काहीशी गमतीची वाटेल. कलम ६३ब अन्वये चोरटी आज्ञावली जाणीवपूर्वक संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगते. म्हणजे साधे का होईना, पण कुलूप लावलेले असेल तर निर्मात्याला एक अतिरिक्त कायदेशीर आधार मिळतो.

प्रत्यक्षात एकट्या निर्मात्याच्या उपयोगी पडते ती चोरट्या प्रती काढून टाकण्याची तक्रार. २०१३ च्या नियमांतील नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर तिच्यात तथ्य असल्याची खात्री पटल्यास मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत त्या प्रतीपर्यंतचा मार्ग बंद करावयाचा असतो. हा प्रतिबंध २१ दिवस टिकतो. तेवढ्या अवधीत सक्षम न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर ती प्रत पुन्हा खुली करण्याची मुभा संकेतस्थळाला राहते. पन्नास रुपयांचे अॅप विकणाऱ्याने तीन आठवड्यांत वकील, शपथपत्र आणि न्यायालयाचा आदेश मिळवावा, ही अपेक्षा नियम करणाऱ्यांनी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.