फोर्ट विल्यम कॉलेज : सत्र, परीक्षा आणि सहजीवन

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्याचे नाव ज्या विद्यालयाला मिळाले, ते त्या किल्ल्याच्या तटाआड भरत नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील राजवटीलाच कागदोपत्री फोर्ट विल्यम हे नाव होते, आणि तेच विद्यालयालाही देण्यात आले. त्याचे वर्ग भरत ते किल्ल्यापासून दूर, लालदिघी तलावाच्या काठी, रायटर्स बिल्डिंगमध्ये. गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याने जुलै १८०० मध्ये कॉलेजच्या स्थापनेचा कायदा केला. पण स्थापनेची तारीख मात्र मागे नेऊन ४ मे १८०० अशी घातली. टिपू सुलतानाचे श्रीरंगपट्टण पडल्याला त्या दिवशी एक वर्ष झाले होते. विद्यालयाचा वाढदिवस आणि विजयाचा दिवस एकच असावा, ही त्यामागील इच्छा. या एका गोष्टीवरून संस्थेचा हेतू स्पष्ट होतो. जिंकलेला मुलूख चालवावयाचा तर तेथील लोकांची भाषा समजली पाहिजे, आणि ती कोवळ्या वयातच शिकविली पाहिजे, असे वेलस्लीचे मत होते.

कॉलेज हा शब्द ऐकून प्रौढ विद्यार्थ्यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती तशी नव्हती. कंपनीच्या नोकरीत ‘रायटर’ म्हणून येणारी मुले साधारणतः पंधरा ते अठरा वर्षांची असत. कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक चार्ल्स मेटकाफ. १८०१ च्या जानेवारीत तो कलकत्त्यास उतरला तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. वयाने ही शाळकरी मुलेच होती. फरक एवढाच, की त्यांना दरमहा तीनशे रुपये मिळत आणि पुढे एखाद्या जिल्ह्याचा न्यायनिवाडा अथवा वसुली त्यांच्या हाती जावयाची असे.

अशा मुलांना मोकळे सोडणे योग्य नाही, या विचाराने कॉलेजमध्ये सहजीवनाची रीतसर व्यवस्था करण्यात आली. डेव्हिड ब्राउन हा पाद्री प्रोव्होस्ट म्हणून, तर क्लॉडियस ब्यूकॅनन हा दुसरा पाद्री त्याचा दुय्यम म्हणून नेमण्यात आला. नव्याने आलेल्या मुलांची सोय लावणे, त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे आणि त्यांना वाईट संगतीपासून दूर राखणे ही प्रोव्होस्टची कामे होती. विद्यार्थ्यांनी एका पंगतीस जेवावे, प्रार्थनेस हजर राहावे, अशी अपेक्षा होती. सुरुवातीला मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील मुलेही येथे येत. तीन इलाख्यांतील भावी अधिकारी तरुणपणी एकत्र राहिले, तर त्यांच्यात एकोपा आणि शिस्त निर्माण होईल, ही वेलस्लीची कल्पना होती.

वर्षाची चार सत्रे पाडलेली असत. प्रत्येक सत्र दोन महिन्यांचे आणि त्यानंतर एक महिन्याची सुटी. वर्षातून दोनदा जाहीर परीक्षा होई. भाषेच्या परीक्षेत मूळ ग्रंथातील उतारा वाचून त्याचा अर्थ सांगणे, इंग्रजीतून देशी भाषेत भाषांतर करणे आणि परीक्षकांशी त्या भाषेत संभाषण करणे, असा क्रम असे. निकाल लागला की विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे वर्गवारी करीत. वरच्या वर्गातील मुलांना पदके व पारितोषिके मिळत. खरे बक्षीस मात्र निराळेच होते. भाषांची व कायद्यांची परीक्षा दिल्याखेरीज १ जानेवारी १८०१ नंतर ठरावीक अधिकारपदे मिळणार नाहीत, असे सरकारने १७९८ मध्येच जाहीर केले होते. निकालपत्रावर पुढील सारे आयुष्य अवलंबून राहावे, हा प्रघात या देशात रुजला त्याची एक सुरुवात येथे दिसते.

वर्षाच्या कामाची सांगता जाहीर वादसभेने होई. पहिली वादसभा ६ फेब्रुवारी १८०२ रोजी भरली. प्रत्येक भाषेसाठी एक प्रमेय ठरवीत. एक विद्यार्थी ते मांडी, इतर त्याला विरोध करीत आणि प्राध्यापक मध्यस्थ म्हणून बसे. पहिल्याच वर्षी बंगाली भाषेतील वादासाठी, आशियातील लोक युरोपियनांइतकेच सुसंस्कृत होण्यास समर्थ आहेत, असे प्रमेय होते. १८०३ मध्ये हिंदुस्थानीत सतीच्या चालीवर भाषणे झाली. ज्या लोकांच्या भाषेत हा वाद चाले, त्या लोकांना त्यात बोलावयास जागा नव्हती. मात्र शिकविणारे मुनशी आणि पंडित ते सारे ऐकत होते. एका वर्षी या देशातील लोक ख्रिस्ती धर्म स्वीकारतील की नाही, या अर्थाचा विषय ठेवण्यात आला, तेव्हा मुसलमान मुनशींनी त्यास हरकत घेतली आणि तो विषय बदलावा लागला. ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते त्यांनी ते सांगितले आणि ते मानावे लागले, म्हणून हा प्रसंग छोटा असला तरी महत्त्वाचा आहे.

सप्टेंबर १८०४ मधील वादसभा नव्याने बांधलेल्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठ्या थाटाने झाली. या सभेत संस्कृतला प्रथमच स्थान मिळाले आणि विल्यम कॅरी याने संस्कृतमध्ये भाषण केले. श्रोत्यांत गव्हर्नर-जनरलचा भाऊ आर्थर वेलस्लीही होता. एका वर्षापूर्वी याच सुमारास त्याने असईच्या रणांगणावर मराठ्यांच्या सैन्याचा पराभव केला होता.

येथे मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येतो. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला होता. तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला जाई. त्यानंतर साठ-बासष्ट वर्षांच्या आतच त्याच शहरात मराठीचा अभ्यास सुरू झाला. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला होता. मराठी दरबारांशी पत्रव्यवहार वाढत होता. कॅरीकडे १८०१ मध्ये बंगाली व संस्कृतचे काम आले होते, त्यास मराठीची जोड मिळाली.

शिकवावयाचे तर पुस्तक हवे, आणि छापलेले मराठी क्रमिक पुस्तक तर अस्तित्वातच नव्हते. कॅरीने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. नियमांबरोबरच त्यात नेहमीच्या व्यवहारातील संवादही घातलेले होते. हे पुस्तक हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्यात छापले गेले. व्यवहारात मराठी मोडीत लिहिली जात असे. म्हणून मोडीचे खिळे तयार करण्यात आले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यानंतर ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५), रामराम बसूंच्या बंगाली पुस्तकावरून केलेले राजा प्रतापादित्याचे चरित्र आणि भोसल्यांची वंशावळी ही पुस्तके बाहेर पडली. ज्या घराण्याच्या घोडेस्वारांसाठी खंदक खणला, त्याच घराण्याचा वृत्तान्त आता वाचनाचा पाठ झाला. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रणाचा जम बसण्यापूर्वी ही पुस्तके बंगालमध्ये तयार झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या याद्या छापल्या गेल्या. वैजनाथ शर्मांसारख्यांच्या कामाची यादी कोणी केली नाही. कॉलेजमध्ये मुख्य पंडितास अथवा मुनशीस दरमहा दोनशे, दुय्यमास शंभर आणि खालच्यांस चाळीस रुपये मिळत. विद्वत्तेने अग्रगण्य असलेल्या मृत्युंजय विद्यालंकारांचे वेतनही त्यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या शिष्याला मिळणाऱ्या रकमेहून कमीच होते. कॉलेजच्या सामायिक पंगतीत त्यांना स्थान नव्हते, आणि त्यांच्या आचारधर्मातही ते बसणारे नव्हते. तरीही शिकविण्याची निकड म्हणून त्यांनी जे लिहिले, त्यातून भाषांचे गद्य उभे राहिले. मृत्युंजय विद्यालंकार व रामराम बसू यांचे बंगाली गद्य, मीर अम्मनची उर्दू ‘बाग-ओ-बहार’ आणि लल्लूलालांचा हिंदी ‘प्रेमसागर’ हे सारे या वर्गांसाठीच लिहिले गेले.

विद्यार्थ्यांच्या सहजीवनाचा प्रयोग मात्र फारसा यशस्वी झाला नाही. हाती पैसा, पालख्या-घोड्यांचा शौक आणि कर्ज देण्यास तयार असलेले सावकार यांपुढे प्रोव्होस्टची देखरेख अपुरी पडली. अभ्यासातील प्रगतीबरोबर मुलांच्या कर्जाचा उल्लेखही वार्षिक भाषणांतून होऊ लागला. लंडनमधील संचालकांना तर मुळापासूनच हा खर्च अवाजवी वाटत होता. १८०२ मध्येच त्यांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम पाठविला. वेलस्लीने त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. पुढे १८०६ मध्ये इंग्लंडमध्येच कंपनीचे विद्यालय निघाले, प्रोव्होस्टचे पद रद्द झाले आणि कलकत्त्याकडे भाषाशिक्षणाचेच काम प्रामुख्याने उरले.

तथापि अनेक विद्यार्थ्यांनी नाव काढले. मेटकाफ १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर-जनरल झाला आणि त्याने वृत्तपत्रांवरील निर्बंध उठविले. मुंबई इलाख्यातून आलेला रिचर्ड जेंकिन्स पुढे नागपूरला रेसिडेंट झाला. त्या प्रदेशाविषयीचा त्याचा १८२७ चा अहवाल आजही अभ्यासक वाचतात. भाषा शिकल्यामुळे राज्यकर्ता प्रजेच्या जवळ येतो, पण ती राज्य बळकट करण्याचे साधनही होते. या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात चालल्या होत्या, हे विसरता येत नाही.

१८४१ च्या अखेरीस ईश्वरचंद्र विद्यासागर या कॉलेजात मुख्य पंडित म्हणून आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे एकवीस होते. इंग्रज तरुणांच्या उत्तरपत्रिका तपासणे हे त्यांचे एक काम होते आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजी व हिंदीचा अभ्यास वाढविला. त्यांचे चरित्रकार सांगतात, की नापास होणाऱ्यांना मायदेशी परतावे लागते म्हणून परीक्षेत थोडी सवलत द्यावी, असे त्यांना सुचविण्यात आले. नोकरी सोडीन, पण अयोग्यास योग्य म्हणणार नाही, असे उत्तर विद्यासागरांनी दिले. पन्नास रुपये वेतनाच्या पंडिताने राज्यकर्त्यांच्या मुलांचे गुण न्यायाने मोजावयाचे ठरविले होते.

१८५४ मध्ये कॉलेज विसर्जित करण्यात आले. सत्रे, पदके आणि वादसभा इतिहासजमा झाल्या. संस्थेने स्वतःच्या प्रगतीचे जे माप ठरविले होते ते विद्यार्थ्यांच्या वर्गवारीचे होते, आणि त्या मापाने तिचे यश मध्यम प्रतीचेच ठरते. परंतु ज्या प्रगतीची कोणी नोंद ठेवली नाही, तीच अधिक टिकली. मुलांना धडा हवा म्हणून पंडितांनी लिहिलेली साधी पुस्तके त्या त्या भाषांच्या गद्याच्या इतिहासात आज पहिल्या पानांवर आहेत. कोणत्याही विद्यालयाचा हिशेब मांडताना सत्राच्या अखेरीस लागणाऱ्या निकालाबरोबर शिकविणाऱ्याच्या हातून काय घडले, तेही पाहिले पाहिजे.