पोर्सेलिनची दंतकवचे : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना
दातांच्या सौंदर्याची कल्पना काळानुसार बदलत आली आहे. एकेकाळी महाराष्ट्रातील स्त्रिया दातवण लावून दात काळे करीत आणि ते शोभेचे मानले जाई. आज शुभ्र, रेखीव दंतपंक्ती हा सौंदर्याचा निकष ठरला आहे. नेरूळ, खारघर, कामोठे येथे दंतमहाविद्यालये असलेल्या नवी मुंबईत पोर्सेलिनच्या कवचांचा, म्हणजेच व्हेनियरचा, उपचार आवाक्यात आला आहे. दातवणाचा थर दातावर चढत असे. व्हेनियरसाठी मात्र बहुधा दाताचाच काही अंश काढावा लागतो. या भेदाचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विकास
१९३० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी चित्रपट कलावंतांसाठी पातळ कवचे तयार केली. ती केवळ चित्रीकरणापुरती चिकटविली जात. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर, म्हणजे इनॅमलवर, आम्लाची प्रक्रिया केल्यास पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होऊन रेझिन घट्ट चिकटते, हे दाखविले. १९८३ मध्ये सायमनसेन व कॅलामिया यांनी पोर्सेलिनच्या आतील बाजूवर हायड्रोफ्लोरिक आम्लाची प्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. त्यानंतर हा उपचार टिकाऊ झाला.

कार्यपद्धती
प्रथम दात, हिरड्या व चावण्याची ठेवण तपासली जाते. नंतर दाताच्या दर्शनी भागावरून साधारणतः ०.३ ते ०.७ मि.मी. जाडीचा थर काढून माप घेतले जाते. प्रयोगशाळेत तयार झालेले कवच रेझिन सिमेंटने चिकटवून विशिष्ट प्रकाशाने पक्के केले जाते. दंतवल्काशी होणारा बंध त्याखालील दंतिनाशी होणाऱ्या बंधापेक्षा अधिक भरवशाचा असतो. म्हणून दंतवल्क जितके राखले जाईल, तितके कवच टिकण्याची शक्यता वाढते. एकदा काढलेले दंतवल्क पुन्हा निर्माण होत नाही.

कारणानुसार उपचार
डाग कशामुळे पडला, हा पहिला प्रश्न होय. चहा, तंबाखू वा मिश्री यांचे डाग बाह्य असतात. ते बहुधा दंतस्वच्छतेने निघतात. फ्लोरोसिसचे डाग मात्र दंतवल्काच्या घडणीतच असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. तेथे बालपण घालविलेली व्यक्ती पुढे नवी मुंबईत येऊन मोरबे धरणाचे पाणी पिऊ लागली, तरी ते डाग जात नाहीत, कारण दंतवल्क बालवयातच घडून गेलेले असते. अशा वेळीही सौम्य डागांसाठी रंग उजळविणे किंवा पृष्ठभागाचे सूक्ष्म घर्षण पुरेसे ठरू शकते. दात वाकडे असल्यास दंतसुसूत्रीकरणाचा, म्हणजे तारांचा, पर्याय आहे. या उपायांनी न भागणारे तीव्र डाग, तुटलेल्या कडा वा दातांतील फटी यांसाठी व्हेनियर उपयुक्त ठरते.

मर्यादा
किडलेले दात आणि हिरड्यांचे विकार यांवर आधी उपचार करणे आवश्यक आहे. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास कवच तडकण्याचा धोका वाढतो. पोर्सेलिनचा रंग पुढे उजळविता येत नाही. उत्तम बसविलेले कवच दहा वर्षे वा अधिक टिकू शकते. तथापि तरुण वयात उपचार घेणाऱ्यास ते आयुष्यात पुन्हा बदलावे लागण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. त्यामुळे खर्चाचा विचार केवळ पहिल्या देयकापुरता करून चालत नाही.

निष्कर्ष
व्हेनियर हा प्रभावी उपचार आहे, परंतु दंतवल्क काढल्यावर पूर्वस्थितीला परतण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून संमती देण्यापूर्वी किती दंतवल्क काढले जाणार, सौम्य पर्याय कोणता आणि कवच निकामी झाल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न नोंदणीकृत दंतवैद्यास अवश्य विचारावेत. दातांच्या सौंदर्याचे निकष बदलतात, हे दातवणाच्या उदाहरणावरून दिसतेच. निरोगी दंतवल्काची गरज मात्र आयुष्यभर राहते.