रानाची ओळख आणि शहरचें शहाणपण

पावसाळा सुरू झाला कीं घाटमाथ्यावरील जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून एक हुकूम हमखास निघतो. अमुक धबधब्याच्या पाण्यांत उतरूं नये, अमुक धरणाच्या भिंतीवर चढूं नये, सूर्यास्तानंतर तेथें थांबूं नये. पूर्वीं हा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं निघत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखालीं निघतो. कलमाचा आंकडा बदलला त्याच्या आदल्याच दिवशीं, ३० जून २०२४ रोजीं, लोणावळ्यास भुशी धरणालगतच्या धबधब्यांत पुण्याहून सहलीस आलेल्या एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत चार मुलें होतीं. प्रवाहाच्या मध्यभागीं एकमेकांस घट्ट धरून उभीं असलेलीं तीं माणसें पुढें साऱ्या देशानें चलच्चित्रांत पाहिलीं.

मृतांस दोष लावण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. दोष लावावयाचाच तर ज्या शिक्षणानें त्यांस ओढ्यानाल्यांविषयीं एक अक्षरही सांगितलें नाहीं, त्या शिक्षणास लावला पाहिजे. पाणी वाढणार हें बहुधा ओढाच आधीं कळवितो. निवळ पाणी एकाएकीं गढूळ होतें, काटक्या व पाचोळा वाहून येऊं लागतो, आवाज जड होतो; आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी उगमाकडील डोंगर काळवंडलेला दिसतो. गुरांमागें जाणारा दहा वर्षांचा पोर या खुणा दिसतांच पाण्याबाहेर येतो आणि गुरेंही बाहेर काढतो. त्यास कलम १६३ ठाऊक नसतें. ज्यास तो फलक वाचतां येतो, तो मात्र फलकापाशींच उभा राहून आपलें छायाचित्र काढून घेतो!

खेड्यांतील व रानांतील लोकांस ही ओळख उपजतच असते, तीं निसर्गाचींच लेंकरें, असें म्हणण्याची आमच्या सुशिक्षितांत एक चाल पडली आहे. वरवर पाहतां ही स्तुति वाटते; वस्तुतः तिच्यांत मोठा अन्याय भरलेला आहे. जें उपजत असतें त्यास विद्या म्हणत नाहींत, आणि ज्यास विद्या म्हणत नाहींत त्याची किंमत कोणी देत नाहीं. ही विद्या आहे. तिला शिक्षक आहेत, क्रम आहे आणि परीक्षाही आहे. विहिरीवर पोहणें कसें शिकवितात तें पाहावें. पाठीस वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचा बिंडा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोरास पाण्यांत सोडतात. काका किंवा थोरला भाऊ आधींच पाण्यांत उभा असतो. हातपाय चालूं लागले कीं एके दिवशीं तो डबा सुटतो, आणि परीक्षा विहीरच घेते. शेवळाची भाजी घ्या. पहिल्या पावसाबरोबर ती ठाणें-पालघरच्या रानांतून मुंबईच्या बाजारांत येते. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून तिच्याबरोबर काकडाचीं आंबट फळें घालतात, आणि विकणारी वारली बाई शेवळाच्या जुडीबरोबर तीं फळें न मागतां देते. कडूकंदाचें तसेंच. त्याचे काप करून, उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवून कडूपणा व विष काढल्यावांचून तो तोंडांत घालतां येत नाहीं. हा शोध लावतांना किती पिढ्यांनीं किती यातना सोसल्या असतील याचा हिशेब कोणत्याही विद्यापीठाच्या दफ्तरीं नाहीं. आम्हांस विधिशाळेंत वड हा शेताच्या हद्दीची खूण म्हणून दाव्याच्या कागदांत भेटला. तो पिंपळापासून वेगळा ओळखतां यावा, अशी अपेक्षा कोणत्याही परीक्षकानें केली नाहीं.

मात्र विहिरीवरील शाळेविरुद्ध एक तक्रार येथेंच नोंदविली पाहिजे. या शाळेंत बहुधा मुलगेच दाखल होतात. नदीवर धुणें घेऊन जावयाचें मुलीनें, पाणी शेंदावयाचें मुलीनें, पाय घसरण्याचा धोका तिला अधिक; आणि पोहणें मात्र तिच्या भावास शिकवावयाचें, हा कोठला न्याय? शिवाय ही शाळाही आतां ओस पडत चालली आहे. गांवोगांव विहिरींची जागा कूपनलिकांनीं घेतली, आणि कूपनलिकेंत कोणास पोहतां येत नाहीं.

एका कुटुंबाच्या अज्ञानाचें फळ त्या कुटुंबास भोगावें लागतें. पण अज्ञान जेव्हां खुर्चीवर बसून हुकूम काढूं लागतें, तेव्हां त्याचें फळ भलत्यासच भोगावें लागतें. याचें उदाहरण पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत घडलें. तेथें उसाच्या शेतांत बिबटे राहतात. २००१ च्या सुमारास त्यांस मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यांत पकडून दूरच्या रानांत सोडण्याचा सपाटा सुरू झाला. कल्पना शहरी मनास पटण्याजोगीच होती: बिबट्याचें घर रान, तेव्हां त्यास रानांत पोंचवावें. श्रीमती विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं याचा अभ्यास करून २०११ सालीं तो प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरपकड सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ या काळांत, ते सरासरी १७ झाले. हल्ल्यांत मरणारांचें प्रमाण शेंकडा १८ होतें तें शेंकडा ३६ वर गेलें. बिबट्या आपल्या मुलखांतील वाटा, पाणवठे व माणसांच्या वेळा ओळखून असतो. त्यास उचलून अनोळखी मुलखांत टाकलें म्हणजे तो बिथरतो आणि त्याची मोकळी जागा दुसरा घेतो. पिंजऱ्याची मागणी खेड्यांतील शेतकरीही मोठ्यानें करीत होते, हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्याच्या दारांतून मूल उचललें गेलें त्यानें पिंजरा मागितला तर त्यास कोण हंसेल? परंतु मागणी कशाचीही असो, उपाय तपासून पाहणें हें खात्याचें काम होतें.

मुंबईंत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोंवतीं हीच गोष्ट निराळ्या रूपानें घडली. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान, आणि त्यास तिन्ही बाजूंनीं शहराचा विळखा. २००४ सालीं तेथें बिबट्यांनीं एकामागून एक माणसें मारलीं आणि नव्या इमारतींतून पिंजऱ्यांचा धोशा सुरू झाला. त्याच रानांत व लगतच्या आरे वसाहतींत वारल्यांचे पाडे पूर्वींपासून आहेत. वारली लोक वाघोबास देव मानतात. मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या जिल्ह्यांत वाघोबाचीं दीडशेंहून अधिक स्थानें असल्याचें २०२१ सालच्या एका अभ्यासांत नोंदलें आहे. देवभोळेपणा म्हणून आम्ही तो विषय कदाचित् सोडूनही दिला असता. पण देवाच्या आडोशानें तेथें जी शिस्त पाळली जाते ती पाहण्यासारखी आहे. दिवेलागणीनंतर मूल एकटें बाहेर सोडावयाचें नाहीं. अंधारांत चालतांना मोठ्यानें बोलत, काठी आपटत जावयाचें. शेळ्या आंत बांधावयाच्या. वाटेंत खालीं वांकून बसावयाचें नाहीं. बिबट्या दिसला तर घोळका करून त्याची वाट अडवावयाची नाहीं. २०११ पासून वनखात्यानें जाणत्या नागरिकांस बरोबर घेऊन मोहीम चालविली आणि शहरवासीयांस समजावूं लागलें, तें काय? कचरा सांचूं देऊं नका, म्हणजे कुत्रीं जमणार नाहींत आणि कुत्र्यांमागें बिबट्या येणार नाहीं, मुलांस रात्रीं एकटें सोडूं नका, उजेड ठेवा, गर्दी करूं नका, पिंजरा मागूं नका. कचऱ्याचें कलम वगळलें तर पाड्यावरील म्हातारी हेंच सांगत होती. हल्ले पुढें पुष्कळ कमी झाले. अजिबात थांबले असें मात्र नाहीं. २०२१ व २०२२ सालीं आरेंत ते पुन्हा झाले, आणि त्यांची झळ पाड्यांवरील लोकांसही लागली. ज्या पाड्यावर दिवा नाहीं, शौचकूप नाहीं, तेथें शिस्तीनें किती पुरे पडावें?

येथवर आम्ही शहराच्या पदरांत माप घातलें. आतां खेड्याच्या पदरांतही घातलें पाहिजे. सर्पदंशानें हिंदुस्थानांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारें १२ लाख माणसें मेलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतील बहुतेक सर्व खेड्यांतील, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार साप शेतकरी पुष्कळदां अचूक ओळखतो. घोणस कोणत्या बांधाखालीं बसते हेंही त्यास ठाऊक असतें. आणि दंश झाला कीं तोच शहाणा माणूस रोग्यास घेऊन देवळांत किंवा मांत्रिकाकडे धांवतो! ज्या घटकेंत प्रतिविषाची सुई टोंचावयाची, ती घटका अंगारा लावण्यांत जाते. ओळख खेड्यापाशीं, औषध शहरापाशीं, आणि मध्यें रस्ता नाहीं, गाडी नाहीं, कधींकधीं आरोग्यकेंद्रांत औषधही नाहीं. हीं दोन ज्ञानें एकत्र आलीं म्हणजे काय होतें हें तामिळनाडूंत दिसतें. तेथील इरुळा जमातीच्या लोकांनीं १९७८ सालीं साप पकडणारांची सहकारी संस्था काढली. साप जिवंत धरावयाचा, त्याचें विष काढून घ्यावयाचें आणि त्यास पुन्हा रानांत सोडावयाचें, हें त्यांचें काम. त्या विषावर प्रयोगशाळांतून प्रतिविष तयार होतें. वडिवेल गोपाल व मासी सदैयन या त्यांच्यांतील दोघां कसबी पुरुषांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. अंगाऱ्यानें न वांचणारा रोगी जेव्हां सुईनें वांचतो, तेव्हां तो अर्धा तरी या रानच्या विद्येनें वांचलेला असतो.

आतां कायद्याकडे वळूं. कारण या विद्येच्या मान्यतेचा प्रश्न अखेर तेथेंच येऊन ठेपतो. १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारचें झालें आणि त्यांत राहणारा माणूस घुसखोर ठरूं लागला. जंगलखात्यानें गांवचीं गायरानेंही पोटांत घातल्याची तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत केली होती. ती तक्रार ऐकावयास विधिमंडळास सव्वाशें वर्षें लागलीं. २००६ सालचा वनहक्क कायदा व त्याखालील २००८ चे नियम यांत एक कलम असें आहे कीं, तें वाचून वकिलास आनंद व्हावा. नियम १३ प्रमाणें वहिवाटीचा पुरावा म्हणून कागदांबरोबरच गांवांतील वृद्धांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. मात्र तो वृद्ध स्वतः दावेदार नसावा. सामूहिक हक्कासाठीं चराईच्या जागा, कंदमुळें व रानफळें गोळा करण्याच्या जागा, पाणवठे यांची माहितीही पुरावा ठरते. म्हणजे कोणता कंद कोणत्या उतारावर मिळतो हें सांगणारी म्हातारी या कायद्याच्या दृष्टीनें साक्षीदार आहे. याच कायद्यानें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढें त्या गांवानें आपला बांबू स्वतः विकून दाखविला.

परंतु नियम छापणें निराळें व चालविणें निराळें. कचेरींतील कारकुनास कागद समजतो, उपग्रहानें काढलेला नकाशा समजतो. म्हातारीचा जबाब समजत नाहीं, कारण ती ज्या झाडांचीं नांवें घेते तीं त्यानें कधीं ऐकलेलीं नसतात. उपग्रहाचें चित्र इतर पुराव्यास पूरक आहे, त्याची जागा तें घेऊं शकत नाहीं, असें २०१२ सालच्या दुरुस्तीनें स्पष्ट सांगावें लागलें. त्यानंतरही दावे फेटाळले जातच राहिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दावे फेटाळलेल्या लोकांस रानाबाहेर काढण्याचा हुकूम दिला, आणि दावे नीट तपासले गेले होते कीं नाहीं हा प्रश्न उठतांच २८ फेब्रुवारीस तो स्वतःच तहकूब केला. त्या पंधरा दिवसांत लाखों कुटुंबांच्या मानेवर तलवार टांगलेली होती.

आमचें मागणें दोन खात्यांकडे आहे. शिक्षणखात्यानें मुंबई, ठाणें व पुणें येथील शाळांतून मुलामुलींस पोहणें शिकवावें, पावसाळ्यांत एकदां तरी रानांत न्यावें, आणि तेथें शिकविण्यासाठीं पाड्यावरील जाणत्या स्त्रीपुरुषांस मानधन देऊन बोलवावें. पदवी विचारूं नये. महसूल व आदिवासी विकास खात्यांच्या वनहक्क समित्यांनीं एकच आंकडा जाहीर करावा: ठाणें, पालघर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांत आजवर फेटाळलेल्या दाव्यांपैकीं किती दाव्यांत वृद्धांचा जबाब लिहून घेतला होता, आणि ज्यांत घेतला होता त्यांत तो अमान्य करण्याचें कारण काय दिलें. तो आंकडा आमच्याकडे येईल त्या दिवशीं आम्ही तो याच स्तंभांत छापूं.